शोभेची रेघ

आमच्या मोठ्या बाई प्रशिक्षणाला गेल्या की मला धडकी भरते. जाताना त्या चांगल्या समंजस मुख्याध्यापिका असतात आणि येताना हमखास काहीतरी घेऊन येतात. एका वर्षी त्यांनी टाळ्यांचा एक प्रकार आणला होता. कुणी बरोबर उत्तर दिलं की वर्गाने ठेक्यात टाळ्या वाजवायच्या. महिनाभर शाळेत टाळ्या आणि शेजारच्या कारखान्यात यंत्रमाग, असा दोन्हीकडून खडखडाट चालला होता. त्यातल्या त्यात यंत्रमागाला थोडी लय होती.

मागच्या वर्षी त्यांनी संकल्पना नकाशा आणला.

आमची शाळा सोलापुरात भवानी पेठेत आहे. मी पाचवी ते दहावीला विज्ञान शिकवते आणि मला राग लवकर येतो, हे दोन्ही गावाला माहीत आहे. त्यामुळे मोठ्या बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना बसवून खडू उचलला, तेव्हा मी मनात नाराजीची तयारी करूनच बसले होते. पण ती गोष्ट, सांगायला जिवावर येतं, मला आवडली. मधोमध एक चौकट काढायची, तीत मुख्य कल्पना लिहायची. तिच्याशी नातं असलेल्या कल्पना दुसऱ्या चौकटींत लिहायच्या, चौकटी रेघांनी जोडायच्या आणि प्रत्येक रेघेवर ते नातं कोणतं ते शब्दांत लिहायचं. ‘झाड’ आणि ‘मूळ’ यांच्यामधल्या रेघेवर ‘पाणी शोषून घेतं’ असं. सगळा जीव त्या रेघेवरच्या शब्दांत. मुलाला नातं कळलं असेल तर शब्द येतात, नसेल तर रेघ कोरी राहते आणि आपण कुठे कमी पडलो ते आपल्याला दिसतं.

गणिताचे सर मात्र हाताची घडी घालून बसले होते. निवृत्तीला आलेला माणूस, त्यांना आता नवीन काही नको होतं.

“नकाशा म्हणताय, मग दिशा कुठाय याला?” ते म्हणाले.

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पाचवी ते दहावी, गणित आणि विज्ञान, प्रत्येक मुलाचा एक नकाशा, असा हुकूम सोडला.

पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की आपण हे प्रकरण चुकीच्या पेठेत आणलंय. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांच्या घरी चादरी आणि टॉवेल विणतात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दखनी अशा तीन भाषा ही मुलं सहज बोलतात. त्यांची चौथी भाषा म्हणजे नक्षी. आणि चादरीच्या नक्षीचा कायदा असा की डावीकडे मोर आला तर उजवीकडेही मोर आलाच पाहिजे. मुलांनी संकल्पना नकाशाला तोच कायदा लावला. मधली चौकट, तिच्या डाव्या अंगाला जेवढ्या चौकटी तेवढ्याच उजव्या अंगाला, चारी बाजूंनी किनार, कोपऱ्यात फुलं.

पाचवीतल्या एका पोराने ‘झाडाचं अन्न’ या नकाशात दोन सूर्य काढले होते.

“अरे, सूर्य किती असतात?”

“एकच की बाई.”

“मग हे काय?”

“एकाच बाजूला काढला तर नकाशा कलतोय बाई तिकडं.”

मी त्याला रागवायला तोंड उघडलं आणि हसू आलं. वर्गात हसले की माझा धाक पुढचा आठवडाभर जातो, म्हणून मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

दहावीत एक मुलगी होती. बोलायला धीट, हाताने चलाख आणि गणितात भोपळा. सहामाहीत नापास झाली होती. तिचे वडील चादरीच्या नक्षीचे ग्राफ काढतात, म्हणजे बारीक चौकड्यांच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी उभी करतात. त्यातही नक्षी अर्धीच काढायची, उरलेली अर्धी मागावर उलटी फिरून आपोआप येते. ही लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून घरं रंगवत आलेली. पण तिला चादरीत रस नव्हता. तिला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. तिचा मामा कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात आहे, त्याने सांगितलं होतं की त्यासाठी दहावीनंतर डिप्लोमा करावा लागतो आणि डिप्लोमाला गणित लागतं.

“गाडी तर रुळावरनंच जाती की बाई. गणित कशाला लागतंय?” ती मला विचारायची.

“थांबवायची कुठे ते कळायला,” मी म्हणायची.

घरी तिचं ठरून गेलं होतं. वडील शाळेत आले तेव्हा मला स्वच्छ म्हणाले, “बाई, गणितात बरे मार्क पडले तर डिप्लोमाला घालतो. न्हाई तर आत्याकडं शिलाई मशीन हाय, तितं बसेल. उगाच एक वर्ष कशाला घालवायचं?” माणूस वाईट नव्हता. उलट लेकीचं नाव काढलं की त्याचा चेहरा खुलायचा. पण फैसला झाला होता. गणिताच्या सरांनी तर त्यांच्यासमोरच सांगून टाकलं, “ही पास झाली तर मी शाळेच्या दारात नारळ फोडीन.” मला सरांचा असा राग आला की त्या दिवशी त्यांनी पुढे केलेली शेंगाचटणीसुद्धा मी घेतली नाही. चटणी चांगली असते त्यांच्याकडची, म्हणून हे विशेष.

तर या मुलीने नकाशासाठी ‘गती’ हा विषय घेतला. गाड्यांचं वेड, दुसरं काय घेणार? आणि तिने जो नकाशा करून आणला तो पाहून सगळी शाळा बघत राहिली. मोठ्या पुठ्ठ्यावर, मधोमध इंजिन, दोन्ही अंगांना चौकटींच्या माळा, भोवती काळी-लाल किनार. खरोखर अंगावर घ्यावा असा नकाशा होता. मी चष्मा लावून वाचायला लागले. डावीकडे ‘अंतर’ होतं, म्हणून उजवीकडे ‘जवळीक’. डावीकडे ‘वेळ’, उजवीकडे ‘अवेळ’. ‘त्वरण’, म्हणजे वेग वाढत जाणं, त्याच्या बरोबर समोर ‘निवांतपणा’. तिने अर्धाच नकाशा विचार करून काढला होता, उरलेला अर्धा उलटा फिरून आपोआप आला होता. रेघा सुंदर होत्या, नागमोडी, दुहेरी. त्यांच्यावर शब्द मात्र एकही नव्हता.

मी काही बोलायच्या आत मोठ्या बाई आल्या, त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले आणि “अगं बाई!” म्हणाल्या. वाचलं त्यांनी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी त्या नकाशाच्या दर्शनी बाजूवर चकचकीत प्लॅस्टिक चढलं आणि तो कुर्डुवाडीला विज्ञान प्रदर्शनात जाणार असं परिपाठात जाहीर झालं. टाळ्याही वाजल्या, त्या जुन्या ठेक्यात.

त्या पोरीचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. दहा वर्षं शाळेत येऊन तिला पहिल्यांदाच कुणीतरी हुशार म्हटलं होतं. आता अशा वेळी ‘नकाशा पोकळ आहे’ हे सांगायचं कुणी? मीच सांगितलं. मला गोड बोलून सांगता येत नाही, त्यामुळे जरा तोडूनच सांगितलं असेल. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग मोठ्या बाई खोटं बोलल्या का?”

“खोटं नाही गं, त्यांना नकाशा आवडला. पण या रेघेचा अर्थ काय?”

“तुमाला आवडला न्हाई तर राहू द्या की बाई,” ती म्हणाली आणि निघून गेली. आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

इकडे शिक्षकांच्या खोलीत आमचा कायमचा खेळ चालू होता. दहावीचे शिक्षक म्हणतात नववीने पाया कच्चा ठेवला, नववीचे आठवीकडे बोट दाखवतात, असं करत करत ते बोट पाचवीवर येतं आणि पाचवीच्या बाई ‘बालवाडीत काय शिकवतात कोण जाणे’ म्हणून मोकळ्या होतात. बालवाडीच्या ताई आमच्या खोलीत बसत नाहीत, त्यामुळे तिथे वाद मिटतो. त्या दिवशी मी वैतागून खडू घेतला आणि फळ्यावर इयत्तांचाच नकाशा काढला. दहावीतली विज्ञानाची उदाहरणं का चुकतात? कारण चाल, म्हणजे ठरावीक वेळात किती अंतर ते, काढता येत नाही. चाल का येत नाही? गुणोत्तर कळलेलं नाही. गुणोत्तर का नाही? भागाकार अपूर्णांकांपाशी अडतो. एकेक चौकट मागे जात मी पाचवीपर्यंत आले आणि ‘अपूर्णांक’ लिहिलं.

“हे पाचवीत येतं,” मी म्हटलं.

गणिताचे सर नेहमीसारखा काहीतरी टोमणा मारायला उठले आणि फळ्यापाशी येऊन थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “ही मुलं पाचवीत होती तेव्हा शाळा बंद होती.”

ते वर्ष आम्ही सगळ्यांनी मोबाईलसमोर बसून काढलं होतं. फळ्याचा फोटो काढून पाठवायचा, समोरून एक अंगठा यायचा आणि आम्ही अपूर्णांक झाले म्हणून पुढे जायचो. घरात एक फोन आणि तीन-चार मुलं. तो अंगठा कुणाचा होता, कुणास ठाऊक. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही एकमेकांकडे बोटं दाखवत होतो आणि भोक होतं तिथे कुणीच नव्हतं.

सर त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गात गेले आणि फळ्यावर पाव, अर्धा, पाऊण लिहून बसले. मुलं हसली. सर चिडले, पण हटले नाहीत. आमची इंजिनवाली मात्र त्या तासांना बसेना. “माझा नकाशा कुर्डुवाडीला चाललाय सर, तयारी करायची हाय,” असं तिने सांगितलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही नकाशा मीच विणला होता.

प्रदर्शनाच्या दिवशी मी तिला घेऊन सकाळच्या गाडीने निघाले. जाताना ती सबंध फलाट चालून पुढे गेली आणि इंजिनाला हात लावून आली. माझ्याशी बोलणं पुन्हा सुरू झालं होतं, विजयाच्या दिवशी माणूस उदार होतो.

प्रदर्शनात नकाशाभोवती गर्दी झाली. फोटो निघाले. मग परीक्षक आले. साधे, मऊ बोलणारे गृहस्थ, त्यांनी डोळे बारीक करून सगळा नकाशा वाचला. वाचणारे ते माझ्यानंतर दुसरेच. ‘अंतर’ आणि ‘जवळीक’ जोडणाऱ्या दुहेरी नागमोडी रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, “बाळ, ही रेघ काय सांगते?”

तिने रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत रेघेकडे पाहिलं. थाप मारता आली असती. आजूबाजूला प्रत्येक जण मारतच होता. एकाने तर शेणापासून वीज करून दाखवली होती आणि दिवा मागच्या बॅटरीवर लावला होता. पण ही पोर सरळ.

“ती शोभेची हाय, सर,” ती म्हणाली.

माणसं हसली. परीक्षकही हसले, वाईट मनाने नाही, आणि “छान आहे हं रंगकाम” म्हणून पुढच्या टेबलाकडे गेले. ती तशीच उभी राहिली. कान लाल झाले होते. मला त्या क्षणी त्या परीक्षकांचा, मोठ्या बाईंचा, हसणाऱ्या सगळ्यांचा आणि माझं म्हणणं खरं ठरल्याचाही राग आला.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, पुठ्ठा पायांशी उलटा ठेवला. मोहोळ येईपर्यंत मी दोनदा भाकरी पुढे केली, दोनदा नकाराची मान हलली. मग तिने खिडकीबाहेर बघतच विचारलं, “बाई, आत्ता गाडी किती स्पीडनं चाललीय?”

“मला काय विचारतेस? ड्रायव्हर तू होणार.”

वाटलं, चिडेल. पण ती बाहेर बघत राहिली. रुळांच्या कडेने किलोमीटरचे फलक असतात. एक फलक गेला तशी तिने मनगटावरचं, मामाने दिलेलं घड्याळ डोळ्यांपुढे धरलं. पुढचा फलक गेला.

“पंचेचाळीस सेकंद. पाऊण मिनिट.”

“बरं.”

“पाऊण मिनिटात एक किलोमीटर. मग एकाला पाऊणनं भागायचं ना बाई?” तिचा आवाज खाली आला. “ते मला येत न्हाई.”

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. मी ते गिळलं. माझ्या नोकरीत असं फार वेळा घडलेलं नाही. तिने समोरच्या बाकाच्या कडेवर बोट ठेवलं आणि पुटपुटत पुढे सरकवायला लागली. “पाऊण… दीड… सव्वादोन… तीन. तीनला पूर्ण जुळलं.” ती थांबली. “चार वेळा घेतलं की तीन मिनिटं पूर्ण होतात.”

“हे काय केलंस?”

“नक्षी कुटनं पुन्हा सुरू होती ते बघितलं की बाई. पप्पा तसंच बघतात.” आता ती भरभर बोलत होती. “तीन मिनिटांत चार किलोमीटर. तासात अशा तीन-तीन मिनिटांच्या वीस नक्ष्या. वीस चोक ऐंशी. ऐंशी, बाई!”

समोर डुलकी काढणारे आजोबा दचकून जागे झाले आणि त्यांनी विचारलं, “ऐंशी कशाचे?”

“गाडीचे, आजोबा!” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “पण एकाला पाऊणनं भागलं तर उत्तर एकापेक्षा मोठं कसं येतंय?”

“एका मिनिटात गाडी एक किलोमीटरपेक्षा जास्त जाते की कमी?”

“जास्त.”

“मग?”

ती गप्प झाली, आणि मी ते गप्प होणं ओळखते. वर्षातून दोन-चारदा वर्गात दिसतं, त्यासाठीच मी ही नोकरी सोडत नाही. माझे डोळे भरून आले. खिडकीतून धूळ येत होती असं सांगता येईल, पण कशाला?

तिने माझ्याकडे स्केचपेन मागितलं, पायाशी ठेवलेला पुठ्ठा मांडीवर घेतला आणि कोऱ्या बाजूवर काढायला सुरुवात केली. गाडी हलत होती, त्यामुळे चौकटी सगळ्या वाकड्या. ‘गती’ एका कोपऱ्यात गेली, एका अंगाला पाच-सहा चौकटी आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. ना किनार, ना फुलं. पण ‘अंतर’ आणि ‘चाल’ यांच्यातल्या रेघेवर लिहिलं होतं, ‘वेळेनं भागायचं’. ‘पाऊण’ आणि ‘तीन’ यांच्यातल्या रेघेवर, ‘चार वेळा घेतलं की पूर्ण’. एक रेघ ‘गुणोत्तर’ या चौकटीपर्यंत गेली होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, ‘अजून कळलं न्हाई, सरांना विचारणे’.

दुसऱ्या दिवशी तिने तो पुठ्ठा सरांच्या टेबलावर उलटा ठेवला. सरांनी बराच वेळ वाचला. मग घसा साफ केला.

“दिशा कुठाय याला?”

“कुर्डुवाडीकडं, सर.”

सरांच्या मिशा हलल्या. याच्यापेक्षा जास्त ते हसत नाहीत. “बस खाली,” ते म्हणाले, आणि त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत ती मधल्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी दिसायची. कधी सर शिकवत, कधी ती तावातावाने भांडत असे. मी चटणी घ्यायला पुन्हा सुरुवात केली.

मोठ्या बाईंना मात्र हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी तो पुठ्ठा मागून घेतला आणि आपल्या खोलीत खुर्चीमागे लावला, चकचकीत बाजू बाहेर. बक्षीस नाही तर नाही, पण नकाशा प्रदर्शनाला जाऊन आला होता. येणारा प्रत्येक पाहुणा त्याचं कौतुक करायचा आणि एकानेही तो कधी वाचला नाही.

निकाल लागला तेव्हा सोलापूर नेहमीसारखं तापलं होतं. मुलगी आणि तिचे वडील पेढे घेऊन आले. गणितात फार नव्हते, पण बरे मार्क होते. डिप्लोमाचा अर्ज भरून झालाय, हे वडिलांनी आल्या आल्या सांगितलं, आणि पुढे म्हणाले, “आत्याला कळवलं, मशीन दुसऱ्या कुणाला द्या म्हणून.” सर कुठे दिसेनात. मी खिडकीतून पाहिलं तर ते भर उन्हात फाटकाबाहेर उभे राहून नारळ फोडायला दगड शोधत होते.

ती मोठ्या बाईंच्या पाया पडली. उठताना तिची नजर खुर्चीमागे गेली. काही न विचारता ती खुर्चीच्या बाजूने आत शिरली, पुठ्ठा खिळ्यावरून काढला, उलटा केला आणि परत लावला. वाकड्या चौकटी बाहेर आल्या.

“अगं, हे काय?” मोठ्या बाई घाबरून म्हणाल्या. “इथे पाहुणे येतात!”

“येऊ द्या की मोठ्या बाई,” ती म्हणाली. “कुणी विचारलं तर मला बोलवा. आता सगळ्या रेघा सांगता येतात.”